आधी कोणाचा वर्ल्डकप?

प्रश्न: ऑफिसात पैज लागलीय. बायकांचा क्रिकेट वर्ल्डकप पुरुषांच्या आधी झाला म्हणे, खरंय का हो?

उत्तर: पैज जिंकलात! बायकांचा 1973 ला इंग्लंडमध्ये, पुरुषांचा 1975 ला. इंग्लंडची कॅप्टन रेचल हेहो फ्लिंट हिने पुढाकार घेतला आणि जॅक हेवर्ड नावाच्या उद्योगपतीने 40 हजार पौंड दिले म्हणून जमलं सगळं. टीम सात, त्यात जमैका आणि त्रिनिदाद वेगवेगळे (एरवी वेस्ट इंडिज म्हणून एकत्र खेळतात), आणि फायनल अशी नव्हतीच, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, पण शेवटची मॅच नेमकी इंग्लंड-ऑस्ट्रेलिया पडली, एजबॅस्टनला, ती इंग्लंडने मारली. भारत? नव्हताच. त्याच वर्षी पुण्यात आपली बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तीन टीमांची! (पार्टी घ्या बरं का.)