क्रेब चक्रात ऑक्सिजन कुठेच दिसत नाही, मग त्याच्यावाचून ते थांबतं का?

शंका रास्त आहे. क्रेब चक्र म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढताना चालणारी अभिक्रियांची फेरी. तिच्यातल्या सगळ्या अभिक्रिया एकेक करून तपासल्या तरी ऑक्सिजनचा रेणू कुठेही वापरलेला सापडत नाही. तरीही तो नसला की चक्र बंद पडतं. घोडं अडतं एनएडीपाशी, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एका रेणूपाशी.

ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी उचलतो आणि त्याचा एनएडीएच होतो. पेशीत एनएडीचा साठा बेताचाच, तेच रेणू पुन्हा पुन्हा फिरवायचे. बाजारातून रिकामे क्रेट परत आले नाहीत तर माल पिकलेला असूनही टोमॅटोची तोडणी थांबते, तसाच प्रकार.

एनएडीएच रिकामा होतो तो तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलावर, इलेक्ट्रॉन वहन साखळीत. तिच्या शेवटच्या टोकाला, सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरापाशी (एन्झाइमपाशी), ऑक्सिजन हे इलेक्ट्रॉन घेतो आणि प्रोटॉन जोडले जाऊन पाणी बनतं. या सगळ्या प्रक्रियेत ऑक्सिजन थेट लागतो तो इथेच. सायनाइड नेमकं याच विकराला चिकटतं. मग रक्तात भरपूर ऑक्सिजन असला तरी पेशीला तो वापरता येत नाही.

बरेच जण इथे आणखी एक घोळ घालतात. श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचाच कार्बन डायऑक्साइड होतो, असं त्यांना वाटतं. तसं नाही. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ग्लुकोज आणि पाण्यातून येतो. श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. हिशेबही चोख जुळतो: एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच आणि त्याच्यासारखेच इलेक्ट्रॉन वाहणारे २ एफएडीएच-२, म्हणजे १२ वाहक आणि प्रत्येकी २ प्रमाणे २४ इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनचा एक रेणू ४ इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून समीकरणात ६ ऑक्सिजन. मला स्वतःला हे समीकरण पाठ करण्यापेक्षा असं मोजून बघणं जास्त आवडतं.

ग्लायकोलायसिसला, म्हणजे ग्लुकोज तोडून पायरुविक आम्ल बनवणाऱ्या आधीच्या टप्प्याला, मात्र पळवाट आहे. पायरुविक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करताना एनएडी मोकळा होतो, त्यामुळे जोरात धावताना ऑक्सिजन कमी पडला तरी स्नायूंचं काही काळ भागतं. मिळकत तुटपुंजी, एका ग्लुकोजमागे निव्वळ २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू). गंमत बघा, शरीरभर ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या आपल्या तांबड्या पेशींत तंतुकणिकाच नसतात. त्या कायम या २ एटीपींवरच गुजराण करतात.

पूर्ण ऑक्सिश्वसनातून शाळेच्या पुस्तकात ३८ एटीपी दिलेले असतात. इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना प्रोटॉन आतल्या पटलाबाहेर ढकलले जातात आणि ते परत आत शिरताना एटीपी बनतं, हे जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेलने १९६१ मध्ये मांडलं. प्रोटॉनच्या त्या हिशेबाने आता साधारण ३० ते ३२ धरतात. परीक्षेत पुस्तकातलाच आकडा लिहा.