पाचोळ्यात खुडबुडतंय कोण, चिचुंद्री की कस्तूर?

खानापूरकडच्या तुमच्या काजूच्या बागेत पाचोळ्यात खसखस होते, ती चिचुंद्रीची की नारिंगी डोक्याच्या कस्तूर पक्ष्याची, आणि दोघांत साम्य काय, असं तुम्ही विचारलंय.

साम्य खाण्यात. गांडुळं, अळ्या, किडे दोघंही त्याच पाचोळ्यातून काढतात. कस्तूर शिवाय फळंही खातो. त्याचं वजन साधारण 50-60 ग्रॅम, चिचुंद्रीची मादी जवळपास तेवढीच किंवा थोडी हलकी, नर मात्र दांडगा.

आधी वेळ बघा. कस्तूर उजेडात चरतो: दोन उड्या, थांबणं, मग चोचीनं पान भिरकावणं. म्हणून आवाज तुटक येतो. अंधारात गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेकडेनं सलग सरकणारी खसखस, मधूनच बारीक चिकचिक, ती चिचुंद्री. तिची नजर अगदी अधू. सगळी शिकार नाकावर आणि मिशांवर.

सकाळी जागा तपासा. पांढरट डाग असलेली शिट पक्ष्याची. त्याच्या लघवीतलं पांढरं युरिक ॲसिड विष्ठेसोबतच पडतं. चिचुंद्रीची लेंडी काळपट, तिच्यात किड्यांच्या कवचाचे तुकडे, आणि तिच्या कुशीतल्या ग्रंथींचा उग्र दर्प तिथे रेंगाळतो. त्या वासामुळेच मांजर तिला मारतं पण बहुधा खात नाही. असं मेलेलं जनावर दिसलं तर तोंड उघडून बघा. उंदराचे पुढचे दात पिवळे, पटाशीसारखे. हिचे पांढरे, टोकदार. ती उंदराच्या कुळातलीच नाही.

नुसत्या गाण्यावर मात्र जाऊ नका. कस्तूर बुलबुलाच्या, शिंपी पक्ष्याच्या नकला करतो. श्वासनलिका दुभंगते तिथे पक्ष्याचं स्वरयंत्र असतं आणि त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालू शकतात. चिचुंद्रीच्या घशाला ते जमायचं नाही.

पिल्लांची तऱ्हाही निराळी. कस्तुराची 3-4 अंडी झाडावरच्या वाटीसारख्या घरट्यात, 13-14 दिवसांत फुटतात. चिचुंद्रीची पिल्लं बिळात जन्मतात. बाहेर पडताना पहिलं आईला मागून दातांनी धरतं, दुसरं पहिल्याला. अंधारात ती रांग बघून लोक साप समजून काठी उगारतात!

उंदीर पकडायचे गोंदाचे पॅड बागेत ठेवू नका, दोघंही चिकटतील. पाला झाडून पेटवायचाच असेल तर गडग्यालगतचा हातभर पट्टा तरी तसाच राहू द्या.