जुन्या पोर्शे ९११ च्या समोरच्या काचेला तडा गेला आहे. ती बदलताना काय पाहावे?

आपल्या प्रश्नातून मला समजले ते असे: गाडी १९८७ ची पोर्शे ९११ कॅरेरा कूपे आहे, आपण इंग्लंडमध्ये राहता, समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेला तडा आता वीतभर वर चढला आहे, आणि घरी येऊन काच बदलून देणाऱ्या एखाद्या कंपनीला बोलवावे की मित्राच्या मदतीने स्वतःच बदलावी, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी मिडलंड्स भागात जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि या पिढीच्या ९११ च्या काचा काढणे-बसवणे माझ्या नेहमीच्या कामात येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. या गाडीत काच बदलण्याचे काम काचेचे कमी आणि काचेभोवतीच्या पत्र्याचे जास्त असते. त्यामुळे काच कोणी बदलायची हे ठरवण्याआधी तडा का गेला हे शोधणे आवश्यक आहे.

तडा जिथून सुरू झाला त्या जागी बाहेरून नख किंवा बॉलपेनचे टोक हलकेच फिरवून पाहा. दगड उडून लागला असेल तर तिथे छोटा खड्डा किंवा टवका हमखास हाताला लागतो. खड्डा कुठेच नसेल आणि तडा रबराच्या आतून, म्हणजे काचेच्या कडेपासूनच निघालेला असेल, तर तो ताणामुळे गेलेला आहे असे समजावे. अशा ताणाची कारणे तीन-चारच असतात: हिवाळ्याच्या सकाळी गोठलेल्या काचेवर एकदम गरम हवा किंवा गरम पाणी येणे, आधीच्या वेळी काच चौकटीत वाकडी बसवलेली असणे, रबर जुने होऊन दगडासारखे कडक झालेले असणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे रबराखालच्या पत्र्याला गंज चढून तो फुगणे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. रबरात लवचिकपणा उरला नसेल तर तो दाब थेट काचेच्या कडेवर येतो, आणि कोणत्याही काचेची कड हीच तिची सर्वांत दुबळी जागा असते. खालचा कोपरा म्हणजे पाणी साचण्याची जागा, त्यामुळे तिथूनच निघालेला आपला तडा मला संशयास्पद वाटतो. कारण न शोधता नवी काच बसवली, तर तिलाही त्याच जागी तडा जाण्याची शक्यता राहते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्याची आहे, मग गंज येईल कसा? लेप आहे हे खरे, आणि त्यामुळेच या गाड्या त्यांच्या आधीच्या गाड्यांपेक्षा कितीतरी चांगल्या टिकल्या. परंतु इतक्या वर्षांत आपल्या गाडीची काच कधीतरी एकदा बदललेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि जुने रबर कापताना कोणाच्या तरी सुरीचे टोक पत्र्यावरून फिरले असेल तर रंग आणि जस्त दोन्ही त्या रेषेत खरवडले गेलेले असतात. त्या ओरखड्यावर रबर पुन्हा बसले की आत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही, आणि पुढे काय घडते आहे ते बाहेरून दिसतही नाही. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने रबराची बाहेरची कड खालच्या दोन्ही कोपऱ्यांत थोडी उचलून पाहा. रंगाला फोड आलेले दिसले, तांबूस पाणी दिसले किंवा आतून काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांच्या अस्तरावर डाग दिसले, तर निदान झालेच म्हणून समजा.

रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा पारदर्शक द्रव, भरून तडा थांबवता येईल का, असेही आपण विचारले आहे. ते तंत्र दगडाच्या लहान टवक्यासाठी उत्तम आहे. कडेपासून निघालेल्या लांब तड्यासाठी ते उपयोगाचे नाही. शिवाय ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीचा नियम स्पष्ट आहे: स्टिअरिंग व्हीलच्या मध्याला धरून आखलेल्या २९० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा आणि वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ४० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा चालत नाही. गाडीला ४० वर्षे पूर्ण झाली आणि तिच्यात मोठे बदल केलेले नसले, तर ही तपासणी सक्तीची राहत नाही. मात्र गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर तशीच राहते. तडा आज या पट्ट्यांच्या बाहेर असला तरी एखाद्या थंड रात्रीत तो आत सरकू शकतो, म्हणून वाट पाहण्यात फायदा नाही.

आता घरी येणाऱ्या कंपनीविषयी. आजच्या जवळजवळ सर्व गाड्यांची समोरची काच यूरेथेन या चिकट पदार्थाने थेट पत्र्याला चिकटवलेली असते आणि ती बॉडीच्या मजबुतीत भर घालते; बऱ्याच गाड्यांत शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना त्या काचेचाच आधार घेते. पोर्शेच्याच ९४४ मध्येही काच चिकटवलेली आहे, आणि ती गाडी असती तर मी आपल्याला स्वतः हात न घालण्याचाच सल्ला दिला असता. आपली ९११ मात्र जुन्या पद्धतीची आहे. तिची काच एका जाड रबरात बसते, त्या रबराच्या दुसऱ्या खाचेत चौकटीच्या पत्र्याची कड बसते, आणि बाहेरच्या बाजूने रबरात धातूची पट्टी असते. मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनीची काच सुतळी ओढून बसवताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. अडचण अशी, की फक्त नव्या गाड्यांवर काम केलेल्या तंत्रज्ञाला या पद्धतीचा सराव नसतो आणि गळतीची धास्ती मात्र असते, म्हणून तो रबराखाली सरळ यूरेथेन किंवा सिलिकॉन भरून मोकळा होतो. यूरेथेन भरल्यास पुढच्या वेळी काच शाबूत निघणे कठीण होते. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुकताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते उघड्या पत्र्याला गंज आणते. म्हणून फोनवर बोलतानाच विचारा, की रबरातली काच दोरीने बसवणारा माणूस आपल्याकडे आहे का; उत्तर चाचरत आले तर जुन्या गाड्यांचे काम करणारा दुसरा कोणी शोधा.

सामान मागवताना घाई करू नका. १९६५ पासून १९८९ पर्यंतच्या ९११ मध्ये समोरच्या काचेचा आकार मुळात तोच राहिला, त्यामुळे काच मिळणे कठीण नाही. परंतु काही काचांमध्ये रेडिओची अँटेना आत बसवलेली असते, काहींना वरच्या बाजूला गडद रंगाची पट्टी असते, आणि काचेची छटाही वेगवेगळी असते. आपल्या काचेत खाली अँटेनेची तार जोडलेली असेल आणि नवी काच साधी आली, तर रेडिओसाठी वेगळी सोय करावी लागेल. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा: वर्तुळातले ई अक्षर व त्याशेजारचा देशाचा क्रमांक, आणि ४३आर हा युरोपीय नियमाचा क्रमांक. त्यासोबत रोमन दोनचा आकडा असेल तर ती नेहमीची लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली समोरची काच आहे. तिला तडा गेला तरी ती विखरून अंगावर येत नाही, हे तिचे सर्वांत मोठे मोल आहे.

रबर नेहमी नवेच घ्या. जुने रबर पुन्हा वापरून वाचणारे पैसे पहिल्याच पावसाळी आठवड्यात गालिच्याच्या रूपाने परत द्यावे लागतात. धातूच्या पट्टीसाठी खाच असलेले आणि खाच नसलेले अशी दोन प्रकारची रबरे मिळतात, तेव्हा आपल्याला कोणते हवे हे आधी पाहून ठेवा. पट्टीचे ॲल्युमिनियम मऊ असते, काढताना ते सहज मुरडते आणि एकदा मुरडलेली जागा पूर्ण सरळ होत नाही. जुनी पट्टी वाचवायची असेल तर रबर कापून काढा आणि पट्टीला ओढू नका.

काढण्याचे काम तसे सोपे आहे. वायपरचे हात काढावेत, बॉनेटवर आणि डॅशबोर्डवर जाड चादरी घालाव्यात, आरसा काचेला चिकटवलेला असेल तर तोही सोडवून घ्यावा. नंतर रबराची बाहेरची कड धारदार पात्याने कापायची, परंतु पाते काचेच्या बाजूला झुकवून, म्हणजे ते पत्र्यापर्यंत पोहोचणारच नाही. मग एकाने आतून वरच्या कोपऱ्यांपाशी तळव्यांनी सावकाश ढकलायचे आणि दुसऱ्याने बाहेरून काच धरायची. तडकलेल्या काचेचे बारीक कण उडतात, म्हणून चष्मा आणि जाड हातमोजे आवश्यक आहेत, आणि डॅशबोर्डवर हिटरची हवा येते त्या फटींवर आधीच चिकटपट्टी लावून ठेवली तर ते कण आत पडत नाहीत.

काच निघाल्यावर जी संधी मिळते ती पुन्हा सहज मिळत नाही. या गाडीचा डॅशबोर्ड काच जागेवर असताना निघत नाही, आणि छताच्या अस्तराची पुढची कड काचेच्या रबराखाली दुमडलेली असते. डॅशबोर्डला उन्हाने चिरा पडल्या असतील किंवा अस्तर लोंबू लागले असेल, तर ते काम याच वेळी करून घ्यावे. नाहीतर काही महिन्यांनी चांगली बसलेली काच पुन्हा काढावी लागेल.

चौकटीच्या पत्र्यासाठी मी नेहमी सबंध आठवडा राखून ठेवतो आणि आपणही ठेवावा असे आग्रहाने सांगतो. जुना चिकटा पूर्ण काढा, गंज चमकत्या धातूपर्यंत घासा, आणि पत्र्याला छिद्रे पडलेली असतील तर तिथे पुट्टी न भरता नवा पत्रा वेल्ड करून घ्या. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि रंग पूर्ण कडक होईपर्यंत थांबणे. अपुऱ्या सुकलेल्या रंगावर रबर बसवले तर ते रंगाला चिकटते आणि पुढच्या वेळी रंगासकट निघते. चौकटीची कड सर्वत्र सारख्या जाडीची आहे ना, कुठे जुन्या वेल्डिंगचा गोळा किंवा रंगाचा थर उरला नाही ना, हे बोट फिरवून तपासा. नव्या काचेला बसताना जाणारे अनेक तडे अशाच एखाद्या उंचवट्यावर जातात.

बसवण्यासाठी उबदार दिवस निवडा किंवा रबर कोमट पाण्यात ठेवून मऊ करा. टेबलावर घोंगडी पसरून त्यावर काच ठेवा, रबर तिच्याभोवती चढवा, कोपऱ्यांत ते शेवटपर्यंत बसले आहे याची खात्री करा, आणि धातूची पट्टी याच टप्प्यावर रबरात बसवा. काच गाडीत गेल्यावर पट्टी बसवण्याचा प्रयत्न करणारे लोक पट्टी तरी मुरडतात किंवा काच तरी फोडतात. मग पत्र्याच्या कडेसाठी असलेल्या खाचेत साधारण ४-५ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी सभोवार घाला, तिची दोन्ही टोके खालच्या मध्याशी एकमेकांवरून नेऊन आतल्या बाजूला सोडा, आणि रबराला व पत्र्याला भांडी धुण्याच्या साबणाचे पाणी भरपूर लावा. तेल किंवा ग्रीस वापरू नका, कारण त्याने रबर फुगते.

बाहेरच्या माणसाने काच चौकटीच्या बरोबर मध्यावर धरून दोन्ही तळव्यांनी एकसारखा दाब द्यायचा, आणि आतल्या माणसाने दोरीचे टोक काचेच्या मध्याच्या दिशेने हळूहळू ओढत जायचे, म्हणजे रबराची आतली कड पत्र्यावरून आपोआप उलटून बसत जाते. आधी खालची बाजू, मग दोन्ही कोपरे, मग उभ्या बाजू, आणि शेवटी वरची बाजू असा क्रम ठेवा. बाहेरच्या माणसाचा दाब दोरी असेल त्याच जागी हवा, आणि दोघांनी एकमेकांशी सतत बोलत राहायला हवे. कोपऱ्यात दोरी अडली तर जोर वाढवू नका. पुन्हा साबणाचे पाणी लावा, काच थोडी हलवून मध्यावर आणा आणि मग पुढे जा. ठोसा किंवा रबरी हातोडा अजिबात नको.

सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लगदा, लावावे की नाही यावर जाणकारांत दुमत आहे. नवे, चांगल्या प्रतीचे रबर आणि सरळ चौकट असेल तर मी आधी कोरडेच बसवतो आणि दुसऱ्या दिवशी साध्या नळीने, जोर न लावता, खालून वर पाणी सोडून पाहतो, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवतो. गळती दिसली तरच रबराची कड उचलून त्या जागी कधीही कडक न होणारे ब्यूटिलचे सीलंट भरतो. आधीच सगळीकडे सीलंट भरले तर पाणी नेमके कुठून शिरते हे नंतर कळत नाही. पहिले काही दिवस जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नका आणि खिडक्या बंद असताना दार आपटू नका.

स्वतः करायचे ठरवलेत तर हे काम दोन धीराच्या माणसांना नक्की जमण्यासारखे आहे, मात्र चौकटीत गंज निघाला तर पत्र्याचा टप्पा जाणत्या कारागिराकडेच द्यावा. विमा कंपनीला काच उतरवण्याआधीच कळवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये काचेचा खर्च वेगळ्या कलमाखाली मिळतो, परंतु तो त्यांनी नेमलेल्या कंपनीकडूनच काम करून घेतल्यास पूर्ण मिळेल अशी अट असू शकते. गाडीला रबरातली काच आहे, म्हणून जुन्या गाड्यांच्या कारागिराकडून काम करून घ्यायचे आहे, असे लिहून त्यांची लेखी संमती घ्या. नवे रबर, पट्टी आणि जोडावरच्या छोट्या क्लिपा त्या संमतीत समाविष्ट आहेत का, हेही त्याच पत्रात विचारा. गंजाचा खर्च बहुधा विम्यात बसत नाही, तो आपल्या हिशेबात आधीच धरून ठेवा.