सोनेरी पाठीचे सुतार पक्षी फील्डवर वेगळे कसे ओळखायचे? आकारावरून कळतं का?

आकारावरून? अजिबात नाही. याच एका मुद्द्यावरून आमच्या बर्डिंग ग्रुपमधल्या एका सीनियरशी माझं चांगलंच वाजलंय, म्हणून लिहितोय. फ्लेमबॅक म्हणजे हेच सोनेरी पाठीचे सुतार, त्यांच्या दोन जाती कॉमन आणि ग्रेटर. कॉमन फ्लेमबॅक 28 ते 30 सेंटीमीटर, ग्रेटर साधारण 33. एकटा पक्षी उंच खोडाला चिकटलेला असताना हा फरक कोणाला दिसतो सांगा मला.

आमच्यासमोर मादी होती, सगळ्यांनी पाहिली, बराच वेळ पाठमोरी साल उचकटत होती आणि मधेच एकदा मान वळवली. डोळा पांढुरका, मिशीची (म्हणजे चोचीपासून गालावर जाणारी) काळी रेघ दुभंगून मधे पांढरा पट्टा, डोकं काळं त्यावर गोल गोल पांढरे ठिपके, मान मागून पांढरी. ग्रेटर, विषय संपला. तर हे म्हणतात, "लहान आहे, कॉमनच." मी म्हटलं सर मिशी बघा ना, तर म्हणे उन्हामुळे तशी दिसते, कॉमनला तीन बोटं असतात, बोटं मोज! अहो कॉमनला तीन आणि ग्रेटरला चार हे खरंय, पण खोडावरच्या पक्ष्याची बोटं मोजायची कशी, शिडी लावून? चेकलिस्टमध्ये कॉमन गेलं. फोटो माझ्याकडे अजून आहे, कधीही दाखवतो.

कॉमनची मिशी एकेरी, डोळा गडद, मान मागून काळी, मादीच्या डोक्यावर ठिपक्यांऐवजी बारीक रेघा. इतकं डोळ्यासमोर असताना सेंटीमीटर कशाला काढायचे! बाकी नेहमी दिसतो तो ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक, त्याचा गळा काळा त्यावर पांढऱ्या खुणा आणि उडाला की कंबर काळी, वरच्या दोघांची लाल.

हां, नुसती पांढरी मान बघून ग्रेटर ठोकू नका. व्हाइट-नेप्ड फ्लेमबॅकचीही मान पांढरी, पण तो पांढरा रंग खाली पाठीवर उतरतो, कंबर काळी असते आणि मादीचं डोकं पिवळं. शिवाय ग्रेटरच्या पिल्लाचा डोळा तपकिरी असतो, त्यामुळे एकट्या डोळ्यावरही जाऊ नका, मिशी बघायचीच. आणि डोकं नीट दिसलंच नाही तर सरळ 'फ्लेमबॅक, जात नक्की नाही' अशी नोंद करा, मग सीनियर काहीही म्हणोत.