उद्योग-सल्ला : बॉडी चीनची घ्यावी की कोल्हापूरची?

प्रश्न : आमचा साताऱ्यात शेतीच्या लहान पंपांचा कारखाना आहे. पंपाची बिडाची बॉडी चीनमधून नगाला 210 रुपयांत मिळते, पण एकदम 2,000 नग घ्यावे लागतात. कोल्हापूरचा फौंड्रीवाला (बीड ओतणारा कारखानदार) 265 सांगतो. आमची खपत महिन्याला 400 आहे. 55 रुपयांचा फरक सोडवत नाही. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी तो 55 चा आकडा खोडा. तुमचे 210 हे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवलेल्या मालाचे असणार. जहाजभाडं आणि विमा धरून ते 228 होतील. पुढे ड्युटी साडेसात टक्के धरली, तर तिच्यावर दहा टक्के अधिभार, म्हणजे दोन्ही मिळून आणखी 19 रुपये. बंदराचे खर्च, कस्टम एजंट आणि न्हावाशेव्याहून साताऱ्यापर्यंतचा ट्रक, नगाला 9. झाले 256. ड्युटीचा नेमका दर एजंटाकडून लेखी घ्या, तोंडी नको.

उरले नऊ रुपये. तेही व्याजात जातात. 30 टक्के आगाऊ, बाकी माल चढण्याआधी, मग समुद्रातला महिना आणि पाच महिने पुरेल एवढा साठा. पैसा सरासरी चार महिने अडकतो. कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, 12 टक्के व्याज असेल तर नगाला दहा रुपये. शिवाय बंदरावरच 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) भरायचा, 2,000 नगांवर सुमारे 89 हजार. त्याचं क्रेडिट मिळतं, पण त्या दिवशी रोख लागते ती लागतेच.

मी आयुष्य खरेदी खात्यात काढलं, तिथे दरापेक्षा रिजेक्शनने जास्त छळलं. बिडाच्या कास्टिंगचा (ओतीव नगाचा) दोष वरून दिसत नाही. बोअर मारला (आतलं भोक मशीनवर कापलं), वरचा थर निघाला की आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी! तोवर तुमचं मशीनिंग फुकट गेलेलं असतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव वसाहतीतला फौंड्रीवाला तो नग परत घेऊन भट्टीत टाकतो आणि बदली देतो. चीनला खराब नगाचा फोटो पाठवता येतो, नग परत पाठवणं परवडत नाही. त्यात चिनी नववर्षाची सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन तुमच्या उन्हाळी हंगामाच्या तोंडावर. जून 2020 मध्ये तर चिनी माल आपल्या बंदरांवर तपासणीसाठी अडकून पडला होता.

म्हणून बॉडी कोल्हापूरची घ्या. महिन्याला 400 ची खपत आणि डिझाइनमध्ये अजून फेरफार होत असतील, तर दुसरा विचारच नको. फ्लँज (जोडणीची कड) दोन मिलिमीटरने वाढवायचा झाला तर इथे आठवड्यात पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, दुरुस्त होतो. तिकडे जुन्या मापाचे 1,600 नग गोदामात पडून राहतात.

सगळंच इथलं घ्या असं मात्र मी म्हणणार नाही. मेकॅनिकल सीलसारखी वस्तू (फिरत्या दांड्यापाशी पाणी गळू न देणारी), माप वर्षानुवर्षं तेच, आकार मुठीएवढा, इथल्या मालाचा दर्जा पटत नसेल तर खुशाल बाहेरून आणा. देशाभिमान पंपातली गळती थांबवत नाही.

आता फौंड्रीवाल्याशी बोलताना. पहिल्यांदा भट्टीपाशी जाऊन या. काही जण नुसतेच व्यापारी असतात, माल दुसऱ्याचा असतो. ऑर्डरवर ग्रेड लिहा, आयएस 210 या बिडाच्या भारतीय मानकाप्रमाणे एफजी 200 किंवा तुमच्या ड्रॉइंगवर असेल ती. प्रत्येक नगावर हीट नंबर, म्हणजे तो भट्टीच्या कोणत्या घाण्यातला त्याचा क्रमांक, मागा. पॅटर्नचे पैसे तुम्ही देणार असाल तर पॅटर्न तुमच्या मालकीचा, हेही त्याच कागदावर. मशीनिंगनंतर निघालेला दोष कोणाच्या खात्यात, त्याचीही ओळ हवी. भांडणं तिथेच होतात.

आणि उधारी ताणू नका. तो नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. 265 वर घासाघीस करायची तर याच जोरावर करा : 30 दिवसांत रोख देतो म्हणा आणि 258 मागा. पहिली ऑर्डर 50 नगांची द्या, सगळे बोअर मारून बघा, मग वर्षाचा दर ठरवा.