हेलोमधली प्लाझ्मा तलवार बनवताना उजेड टोकापर्यंत कसा पोहोचवायचा?

हेलो गेममधल्या एलिट योद्ध्यांची दुपाती प्लाझ्मा तलवार तुम्ही अ‍ॅक्रिलिकमध्ये बनवताय. मुठीजवळ लख्ख उजेड आणि टोकाला अंधार, म्हणून पूर्ण पातं घासून दुधी केलंत, तर ते ट्यूबलाइटच्या तुकड्यासारखं दिसायला लागलं. एलईडी वाढवू का, असं तुम्ही विचारलंय.

एलईडी वाढवू नका. पातं घासल्यामुळेच बिघडलं आहे.

अ‍ॅक्रिलिकमध्ये शिरलेला उजेड आतून पृष्ठभागावर पुरेसा तिरका आपटला (लंबाशी साधारण ४२ अंशांहून जास्त कोनात), तर बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असेल तर तो असाच आपटत आपटत टोकापर्यंत जातो. ओरखडा आला की तिथून गळतो. हे पाटाच्या पाण्यासारखं आहे: सुरुवातीच्या शेतांनीच पाट फोडला तर शेवटच्या शेताला थेंब मिळत नाही. तुमच्या पात्याचा उजेड पहिल्या पंधरा-वीस सेंटिमीटरमध्येच संपतोय.

गेममधलं पातं नीट पाहा. कडा पांढऱ्या-निळ्या पेटलेल्या असतात आणि मधला भाग जवळजवळ पारदर्शक. म्हणजे आपल्याला कडांनाच गळू द्यायचंय, सपाट बाजूंना अजिबात नाही.

तुम्ही ४०० नंबर किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर वापरला असेल तर सपाट बाजू वाचवता येतील. पाणी लावून ८००, मग १५००, मग २००० नंबरने घासा. दर वेळी दिशा नव्वद अंशांनी बदला, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं. शेवटी प्लास्टिक पॉलिश आणि मऊ कापड. ८० नंबरचा कागद फिरवला असेल तर मात्र नवं पातं कापणं कमी कष्टाचं.

आता कडा. इथे सगळा खेळ आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. कड सगळीकडे सारखी घासली तरी उजेड मुठीजवळच गळून जातो. मुठीकडचा एक तृतीयांश भाग ८०० नंबरने हलकाच मारा, मधला ४०० ने आणि टोकाकडचा २२० ने चांगला खरबरीत करा. मॉनिटरच्या पडद्यामागच्या पॅनेलमध्येही हीच युक्ती असते: एलईडीजवळ ठिपके विरळ, लांब जाल तसे दाट. एलईडी लावूनच अंधारात घासत जा. जिथे काळपट दिसेल तिथे आणखी चार हात मारा. जास्त घासलं तर परत पॉलिश करणं जिकिरीचं, म्हणून कमीवर थांबा.

जिथून उजेड आत शिरतो ती मुळाकडची कड मात्र आरशासारखी हवी. एलईडी आणि या कडेत एखाद मिलिमीटर हवा ठेवा. मध्ये गोंद भरू नका, सुपरग्लू तर नकोच. त्याच्या वाफेने अ‍ॅक्रिलिकवर पांढरी धूसर झाक येते. लेझरने कापलेली कड स्पिरिटने पुसू नका, कारण तिच्यात ताण साठलेला असतो आणि बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं.

दुसरी चूक आकारात असू शकते. ही तलवार कट्यारीसारखी मुठीत आडवी धरतात आणि पाती मुठीच्या दोन टोकांतून निघून पुढे वळतात. त्या वळणावर उजेड बाहेरच्या कडेला जास्त सरळ आपटतो आणि निसटतो. म्हणून एलईडी वळणाच्या आधी लावू नका. वळण मुठीच्या कवचात झाकून घ्या आणि एलईडीच्या पट्टीचं तोंड पात्याच्या सरळ भागाकडे ठेवा.

मी ७५ सेंमी लांबीला ८ मिमी जाडीची शीट धरतो. सरासरी रुंदी ६ सेंमी असेल तर एक पातं सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. एलईडी ५ मिमी रुंद असतो, त्यामुळे ८ मिमीच्या कडेत तो थोडा सरकला तरी चालतं. पातं किमान ८ सेंमी मुठीत जायला हवं. बोल्टचं भोक उजेडाच्या वाटेत पाडलं तर त्याच्यापुढे लांब काळी रेघ पडते, म्हणून कापतानाच बाहेरच्या बाजूला कान (पात्यातूनच बाहेर आलेले छोटे तुकडे) ठेवा आणि भोकं त्यात घ्या. ४ मिमी बोल्टला ५ मिमी भोक आणि रबरी वॉशर ठेवा. करकचून आवळलं की अ‍ॅक्रिलिक तडकतं.

वीज सोपी आहे. मीटरला १४४ एलईडीवाली डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (जिच्या प्रत्येक एलईडीचा रंग आणि तेज कंट्रोलरमधून ठरवता येतं) घ्या, दर पात्याला ७ सेंमी, म्हणजे दोन्ही मिळून २० एलईडी. पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलीअँपिअर, एकूण १.२ अँपिअर. आपल्याला निळसर रंग हवा: निळा पूर्ण, हिरवा साठ टक्के, लाल वीस टक्के. तेव्हा पाऊण अँपिअरच्या आतबाहेर लागतो. ३००० मिलीअँपिअर-तासांचा संरक्षित १८६५० लिथियम सेल आणि त्याचा व्होल्टेज वाढवून ५ व्होल्ट करणारं बूस्ट मॉड्यूल यावर अडीच तास निघतात. डेटा तारेत (कंट्रोलरकडून पट्टीला रंगाचा हुकूम नेणाऱ्या) ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका.

प्लाझ्माची थरथर हवी असेल तर दर ४० मिलीसेकंदाला तेज ८५ ते १०० टक्क्यांत थोडं थोडं हलवा. त्याखाली गेलात की पातं बंद पडत आलेल्या ट्यूबसारखं दिसतं.

मुठीचं कवच थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक टाळा. उन्हात बंद गाडीत ठेवलं तर ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, मग दोन्ही पाती एकमेकांकडे झुकतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. त्याऐवजी पीईटीजी हे प्लास्टिक वापरा. पात्याची टोकं गोलसर ठेवा आणि ही तलवार कशावरही आपटू नका, अ‍ॅक्रिलिक फुटलं की त्याच्या कपच्या काचेसारख्या लागतात.