काट्यावर दिसणारं पाणी

«मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅनाटॉमी जमली, फिजिओलॉजी कशीबशी निभावली, पण पॅथोफिजिओलॉजीत, म्हणजे आजारात शरीरात काय बिघडतं त्या विषयात, दोनदा नापास झाले. लक्षणांच्या याद्या पाठ करते आणि आठवड्यात विसरते. निदान डॉक्टर करतात, मग आम्हाला हे कशाला? नर्सिंग सोडू का?»

सोडायचं नंतर बघू. तुझ्या पत्रातला ‘याद्या’ हा शब्द मला जास्त खटकला.

हार्ट फेल्युअर घे. धाप, पायांवर सूज, वाढतं वजन, कमी लघवी असे चार सुटे मुद्दे कोणीही विसरेल. आता हृदयाच्या डाव्या बाजूपासून निघ. पंप थकला की रक्त पुढे नीट जात नाही, मागे तुंबतं. मागे फुप्फुसं आहेत. तिथल्या केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी झिरपतं, म्हणून पेशंट आडवा झाला की गुदमरतो आणि उशा रचून बसतो. उजवी बाजू थकली, तर पाय सुजतात, यकृत वाढतं. इकडे मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं, त्याला वाटतं शरीरातलं पाणीच आटलं. मग ते रेनिन नावाचं रसायन रक्तात सोडतं आणि मीठ-पाणी साठवायला लागतं. बिचाऱ्याचा हेतू चांगला, पण थकलेल्या हृदयावर आणखी बोजा.

अशा पेशंटचं वजन रोज सकाळी एकाच काट्यावर करायला सांगतात ते यासाठीच. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. दोन दिवसांत २ किलो वाढले, तर ती चरबी असणं शक्य नाही. सूज डोळ्यांना दिसण्याआधी हे पाणी काट्यावर दिसतं, आणि त्या वेळी काट्याशी तू उभी असतेस. डॉक्टर राउंड घेऊन गेलेले असतात.

रक्तस्रावातही तसंच. नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आकसून शरीर बीपी बराच वेळ सांभाळतं. एखादी ‘बीपी नॉर्मल’ लिहून पुढच्या बेडकडे वळते. दुसरीला दिसतं की नाडी ८८ वरून ११६ वर गेलीय, हात गार पडलेत. ती लगेच कळवते. दोघींनी मोजलं तेच.

पोस्टिंगमध्ये रोज एकच पेशंट निवड. कोऱ्या कागदावर मूळ बिघाड लिही आणि ‘मग काय होतं?’ विचारत बाण काढत जा. बाण अडला की फिजिओलॉजीचं पुस्तक उघड. ‘कशीबशी निभावली’ म्हणतेस ना, खरी गळती बहुतेक तिथेच आहे. औषधंही त्याच कागदावर येऊ देत: फ्युरोसेमाइड लघवीवाटे पाणी काढतं, सोबत पोटॅशियमही जातं, म्हणून तो रिपोर्ट बघायचा. दाह, शॉक (अवयवांना रक्त पुरेसं न पोचणं), मधुमेह, सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), किडनीचे आजार एवढे पक्के कर. बाकीचे बरेच त्यांचेच नातेवाईक.

राहिलं सोडण्याचं. एवढ्या पत्रात तू पेशंटबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. त्यांच्याजवळ थांबावंसं वाटतं की ड्यूटी कधी संपते याकडे डोळे असतात? ते कळव, आणि सोबत तुझ्या बाणांचा एक कागद पाठव. खाडाखोड असली तरी चालेल.